एका खुर्चीचे दुभाषी

देशाच्या सभागृहात माणसं मोजून जागा वाटल्या, तेव्हा या राज्याच्या वाट्याला एक खुर्ची आली. तीही खांबाच्या मागे. पण कायदा करणाऱ्यांनी एके ठिकाणी मन मोठं केलं होतं. प्रत्येक राज्याच्या भाषेला सभागृहात दुभाषी मिळेल, असं कलमच त्यांनी घातलं. त्यामुळे मोठ्या भाषांना डझनावारी दुभाषी, आणि या भाषेला एक. एक सदस्य, एक दुभाषी, हिशेब चोख होता. अडचण एवढीच, की सदस्य बोलत नव्हते.

म्हणून या दुभाष्यांना सगळे मौनीबाबा म्हणत. नाव ठेवलं सभागृहाच्या वायरमनने, आणि ते इतकं चपखल बसलं की पुढे पुढे पगारवाटपाचा कारकूनही त्यांना त्याच नावाने हाक मारू लागला.

मौनीबाबांची जागा सभागृहाच्या माथ्यावर, काचेच्या खोलीत. एक टेबल, एक माईक, एक बटण, एक लाल दिवा. शेजारच्या खोल्यांत मोठ्या भाषांचे दुभाषी अर्ध्या अर्ध्या तासाने पाळी बदलत, घसा धरून बाहेर येत. त्यांच्यासाठी दर महिन्याला घशाच्या गोळ्यांची डबी येई. नियमाप्रमाणे मौनीबाबांनाही येई. ते ती घरी नेत. त्यांची मुलगी त्या गोळ्या चघळतच मोठी झाली, आणि तिचा आवाज खणखणीत निघाला.

मौनीबाबा मूळचे नदीकाठच्या गावचे. वडील होड्यांचे दोर वळत. गावात दोर वळणारं घर ते एकच. अलीकडच्या काठावर गाव, पलीकडच्या काठावर शाळा, दवाखाना आणि सरकार. मुलगा होडीने शाळेत गेला, दोन भाषा शिकला आणि परीक्षा देऊन थेट राजधानीत लागला. आईने गावभर सांगितलं, "माझा मुलगा देशाच्या सभागृहात बोलतो." तिची चूक काढायची कुणाची छाती नव्हती, मुलाचीही नव्हती. सुट्टीला गेले की लोक विचारत, "यंदा काय काय बोललात?" मौनीबाबा म्हणत, "चालू असतं."

चालू काहीच नसायचं. राज्याचे पहिले सदस्य एक वयोवृद्ध डॉक्टर होते. बिनविरोध निवडून आलेले आणि दोन्ही कानांनी बहिरे. शेजारच्याचा हात वर गेला की ते हात वर करत. अशाच एका हाताने त्यांनी आपल्याच राज्याचं अनुदान कापायला मत दिलं, आणि घरी परतल्यावर त्यांचा सत्कार झाला. दुसरे लाकडाचे ठेकेदार. ते सही करून झोपत. पाच वर्षांत एकदाच बोलले, "ती खिडकी लावा," तेही राजधानीच्या मोठ्या भाषेत. तिसरे वकील. त्यांचं तोंड एकदा सुटलं की आवरत नसे, पण आपल्या भाषेत बोलायची त्यांना लाज वाटे. ते मोठ्या भाषेत जगाच्या शांततेवर बोलत. राज्यातल्या नदीवर पूल नाही हे त्यांच्या कानावर घालायला मौनीबाबा एकदा गेले, तर ते म्हणाले, "हे बघा, आधी जग."

चौथे सदस्य पक्षाने राजधानीतूनच पाठवले. त्यांनी राज्य पाहिलेलं नव्हतं. कँटीनमध्ये त्यांनी मौनीबाबांना विचारलं, "तुमच्याकडे समुद्र आहे का हो?"

"नाही."

"बरं झालं. मला खारी हवा बाधते."

त्यानंतर दोन उमेदवारांना सारखी मतं पडली आणि प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाची चाल सर्वांना ठाऊक आहे. खांबामागची खुर्ची कित्येक अधिवेशनं रिकामी राहिली. मौनीबाबा मात्र रोज वेळेवर येऊन त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसत. वायरमन म्हणाला, "आता तरी घरी बसा." मौनीबाबा म्हणाले, "खुर्ची बोलली तर?"

संध्याकाळी दार उघडताना बायको विचारायची, "काय हो, आज बोलले का?" मौनीबाबा नकाराची मान हलवत. ती पिशवी घेऊन आत जाई. या शहरात त्यांची भाषा बोलणारी ती दोघंच. मुलगी समजायची, पण उत्तर मोठ्या भाषेत द्यायची. भांडण झालं आणि दोघांनी अबोला धरला, की त्या शहरातून एक भाषाच दोन दिवस नाहीशी व्हायची.

आई गेली ती याच काळात. गावाकडच्या भावाने कळवलं, झोपेत गेली, त्रास झाला नाही. मौनीबाबा जाईपर्यंत सगळं उरकलं होतं. आईने शेवटपर्यंत आपल्याविषयी खोटं सांगितलं आणि आपण ते खरं करू शकलो नाही, ही टोचणी त्यांना होती. ते ती कुणाला सांगत नसत.

निवृत्ती जवळ आली तशी दुष्काळात तेरावा महिना म्हणावा तशी काटकसर समिती आली. समितीच्या लक्षात आलं की एका दुभाष्याचा माईक आजवर एकदाही सुरू झालेला नाही. समितीने ठरवलं, या अधिवेशनात तो सुरू झाला तर ठीक, नाहीतर मौनीबाबांबरोबर त्यांची जागाही निवृत्त होईल. खोलीत खोकी ठेवता येतील. एकदा ती जागा गेली, की त्या भाषेत बोलणारा कुणी पुढे उगवला तरी त्याचं ऐकायला कुणी नसणार होतं. मौनीबाबांची झोप उडाली. माणूस उभा जन्म एका बटणापाशी काढतो, आणि शेवटी तिथे खोकी!

त्या वेळी राज्याच्या सदस्य एक नर्सबाई होत्या. गावोगाव बदल्या भोगून निवृत्त झालेल्या, आणि मोठी भाषा समजली तरी बोलता न येणाऱ्या. म्हणजे बोलल्या तर मौनीबाबांशिवाय गत्यंतर नाही. पण दात आहेत तर चणे नाहीत, अशी गत. एकट्या सदस्याचा क्रमांक सगळ्यांत शेवटी, आणि शेवटी सभापती वेळ संपल्याची घंटा वाजवत. बाई तीनदा उभ्या राहिल्या, तीनदा घंटा झाली.

मौनीबाबा त्यांना कँटीनमध्ये गाठून म्हणाले, "बाई, भाषण लिहून आणलं असेल तर आधी द्या. तयारी करतो."

"लिहिते कुठली, भाऊ! जे आहे ते सांगणार. कुठले तुम्ही?"

"नदीकाठचा."

"अर्धं राज्य नदीकाठचंच आहे," बाई म्हणाल्या आणि पेल्यातला चहा संपवून उठल्या.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी एका मोठ्या राज्याचे सदस्य रागाने सभात्याग करून गेले, म्हणून वेळ उरला. सभापतींनी बाईंना तीन मिनिटं दिली. सदस्यांनी कुतूहलाने कानांना यंत्रं लावली. वर मौनीबाबांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला. इतक्या वर्षांनी लागला म्हणून वायरमन सभागृहात बघायला आला.

बाई बोलू लागल्या. "मी त्या गावात नवीन होते. नदीला पूर होता, होडीवाला होडी सोडेना. घाटावर एक म्हातारी आणली होती. छातीत कळ. समोर दवाखान्याचा दिवा दिसत होता. रात्रभर मी तिचा हात धरून बसले. दोर वळणाऱ्याची बायको होती ती."

मौनीबाबांनी तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

"ती मला म्हणाली, माझा मुलगा तिकडे मोठ्या सभागृहात बोलतो. त्याला निरोप दे, म्हणावं, एवढ्या पुलाचं बघ. उजाडायच्या आत ती गेली. महिन्याभरात माझी बदली झाली. पुढे मी आमचे सगळे सदस्य तपासले. एकाचीही आई दोरवाल्याच्या घरची नव्हती. म्हटलं, म्हातारीला दुखण्यात भास झाला असेल. पण मरत्या बाईचा निरोप पोटात ठेवून मला झोप लागत नाही. म्हणून मी इथे निवडून आले."

घंटा झाली. बाई बसल्या. सगळं सभागृह एकमेकांकडे बघू लागलं. यंत्रातून कुणाला एक शब्द ऐकू आला नव्हता. नुसता कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता.

जन्मभर ज्या भाषणाची वाट पाहिली, ते मौनीबाबांनी कानांत प्राण आणून नुसतं ऐकलं होतं.

सभापतींनी यंत्र कानावरून काढून हलवून पाहिलं. "ही यंत्रं बिघडली आहेत," ते म्हणाले. वायरमनने वर काचेकडे पाहिलं. मौनीबाबांचा चेहरा पाहिला आणि तो म्हणाला, "हो साहेब, वायर सैल होती. आता झालं." त्या दिवशी सभागृहात तो एकटाच खोटं बोलला, आणि त्याचं पाप त्याला लागू नये असं वाटतं.

दोष सभागृहाचा, म्हणून बाईंना पुन्हा तीन मिनिटं मिळाली. या राज्याला एका दिवसात सहा मिनिटं इतिहासात कधी मिळाली नव्हती. बाई उठल्या आणि पुन्हा तेच बोलल्या. या वेळी वरून आवाज आला. स्पष्ट, कोरडा, धंद्याच्या शिस्तीचा. दुभाष्याने बोलणारा 'मी' म्हणेल तिथे 'मी'च म्हणायचं असतं. तेव्हा मौनीबाबांनी देशाला मोठ्या भाषेत सांगितलं, की म्हातारी म्हणाली, माझा मुलगा मोठ्या सभागृहात बोलतो. त्याला निरोप दे, म्हणावं, एवढ्या पुलाचं बघ. आवाज एकदाही कापला नाही. दिवा विझल्यावर त्यांनी खिशातली गोळी काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा गरजेपोटी तोंडात टाकली.

पुलासाठी समिती नेमली गेली, ती अजून बसते आहे. खोलीत खोकी मात्र आली नाहीत. माईक सुरू झाल्याची नोंद होती, त्यामुळे मौनीबाबांच्या जागी नवा माणूस भरायचं ठरलं.

त्या दिवशी मौनीबाबा जिना उतरून बाईंपाशी गेले. "बाई, निरोप पोचला," म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि म्हातारीचा धरला होता तसा त्यांचा हात धरला.

दार उघडताना बायकोने विचारलं, "काय हो, आज बोलल्या का?"

"बोलल्या. दोनदा."

"आणि तुम्ही?"

मौनीबाबा उंबऱ्यातच खाली बसले. बसलेल्या घशाने त्यांनी सगळं सांगितलं, आई झोपेत गेली नव्हती हेही सांगितलं. बायको पिशवी हातात घेऊन उभी होती. मग डोळे पुसून म्हणाली,

"म्हणजे सासूबाई खोट्या नाही पडल्या."