वन्संच्या फोनवरचा मेनू

घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यांचं एक मंडळ आहे. त्याची वेबसाइट सांभाळायला कोणी पुढे येईना, म्हणून सासूबाई गेल्यावर रिकाम्या झालेल्या एका बाईंनी ते काम अंगावर घेतलं. विचारत, चुकत, स्वतःवरच चिडत त्या शिकल्या. तेव्हापासून सगळे त्यांना साइटवाल्या काकू म्हणतात. काकू वरवर नाक मुरडतात, पण कोणी नुसतं 'काकू' म्हटलं तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं.

मध्यंतरी त्यांनी साइटवर नवी सोय केली. जसा सभासद, तसा मेनू. परक्याला मंडळाची माहिती दिसावी, सभासदाला उसन्या मिळणाऱ्या कॉटा नि वॉकर दिसावेत, कार्यकारिणीला हिशेब. शेवटी होतं 'आत्ता बोलायचंय'. ते दाबलं की सिस्टरना फोन लागायचा. सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. रोज दुपारपासून मंडळाच्या खोलीत फोनपाशी बसायच्या. काकूंनी स्वतः सासूबाईंच्या आजारपणात त्यांच्यापाशी किती रडून घेतलं होतं, ते त्यांच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

नवा मेनू आला आणि फोन वाजायचाच थांबला. आठवडे गेले. अध्यक्ष म्हणाले, लोकांना गरज उरलेली दिसत नाही, येत्या बैठकीत ही सेवा बंद करू. सिस्टरनी आपला कप आणि शाल घरी नेली. काकूंना अन्न गोड लागेना.

बैठकीच्या दिवशी दुपारी त्यांच्या नणंदबाई आल्या. वन्संचे यजमान पडून आहेत; शेजारीण तासभर बसायला मिळाली, की त्या जरा श्वास घ्यायला वहिनींकडे येतात. आल्या आणि पाठ धरून खुर्चीत बसल्या.

"वन्सं, एवढी दमता, तर सिस्टरना फोन का नाही करत?"

"कोण सिस्टर?"

"अहो, साइटवर आहे की! मेनूत अगदी खाली. 'आत्ता बोलायचंय'."

"नाहीये तसलं काही. परवाच उघडली होती तुमची साइट. चारच नावं आहेत."

"पाच आहेत! या हातांनी घातलीत मी."

"वहिनी, मला पाचापर्यंत मोजता येतं."

साठीच्या दोन बायका, पण हट्टाला पेटल्या. दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. काकूंच्या फोनवर कॉटा-वॉकर आणि हिशेब धरून सात, सभासद नसलेल्या वन्संच्या फोनवर चार.

"तुमचा फोन जुना झालाय."

"झाला असेल. म्हणून तो नावं खातो होय?"

काकूंना एकदम काहीतरी सुचलं. त्या साइट चालवणाऱ्या. फोनवर कायम ॲडमिन म्हणूनच आत असायच्या, आणि ॲडमिनला सगळंच दिसतं. परक्या माणसाला काय दिसतं, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्या लॉगआउट झाल्या. मेनूत चार नावं उरली.

चूकही अशी, की ती काकूंनीच करावी. 'हे कोणाला दिसावं?' या प्रश्नापुढे त्यांनी 'सभासद' निवडलं होतं. परक्याला तर दिसतंच आहे, सभासदांनाही दिसू दे, असा उदार विचार! साइटला कसलं आलंय मन? तिने बाकीच्यांना बाहेर ठेवलं. आणि मंडळाचे सभासद तर बहुतेक असे, ज्यांचं सेवा करणं कधीच संपलंय. जो आज रात्रंदिवस उचलतोय, पुसतोय, भरवतोय, त्याला सभासद व्हायला सवड कुठली?

काकूंनी 'सगळे' निवडलं. "वन्सं, आता उघडा बघू पुन्हा."

"आलं! पाच झाली."

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्या हसत सुटल्या.

"चुकलात तुम्ही, आणि हसताय?"

"हसू नको तर काय करू? अहो, लोकांना सिस्टर नको होत्या असं नाही! त्या सापडतच नव्हत्या!"

लाज वाटत होती, नाही असं नाही. पण चूक निस्तरता येते. कोणालाच आपली गरज नाही, हे कसं निस्तरणार? महिनाभर उरावर बसलेला धोंडा उतरला होता. वन्सं मात्र आपल्या फोनकडे बघत राहिल्या आणि शेजारणीची वेळ झाली म्हणून निघाल्या.

काकू बैठकीला मंडळाच्या खोलीत पोचल्या तेव्हा अध्यक्ष आणि सिस्टर एवढेच आले होते. सिस्टरांसमोरच त्या अध्यक्षांना सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

"म्हणजे चूक तुमची," अध्यक्ष म्हणाले.

"माझी. शंभर टक्के माझी. ठराव मांडायचा तर माझ्यावर मांडा, फोनवर नको."

अध्यक्षांना हसू आवरेना. सिस्टर मात्र चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

"मला काय वाटलं माहितेय?" त्या म्हणाल्या. "शेवटचा फोन आला त्या बाईंना मी जरा लागेल असं बोलले होते. तेच सगळीकडे पसरलं, असं धरून चालले होते मी. रोज त्यांची मनातल्या मनात माफी मागायचे."

काकूंनी सिस्टरांचा हात धरला. तेवढ्यात फोन वाजला. तिघांनीही एकदम त्याच्याकडे बघितलं. सिस्टरांनी तो उचलला.

"बोला... नाही, नाही, रडा आधी. सांगायचं मागाहून सांगा."

बराच वेळ त्या नुसतं 'हं, हं' करत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "खरंय. वहिनींसमोर कसं बोलणार? त्यांनी तर तुमच्या आईचं सगळं केलं, त्यांना कसं सांगायचं, की आता माझ्याच्याने होत नाही... मला सांगा. मी आहे."

काकू उठल्या. अध्यक्षांना खुणेने बाहेर काढलं, आणि आवाज होणार नाही अशा बेताने आपल्यामागे दार ओढून घेतलं.