चांदीत उमटलेला अंगठा

अड्याळच्या मनकर्णाबाईंना ‘काहून?’, म्हणजे ‘का?’, विचारल्याशिवाय राहवत नाही. शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्या ती पूर्ण उघडून दाखवायला लावतात. मुलगी करुणा भंडाऱ्याच्या कॉलेजात काचेवर चांदीचा थर चढवण्याचं संशोधन करते, म्हणजे नेमकं काय करते, हेही त्यांनी विचारून घेतलं.

“बंद भांड्यातली हवा काढून टाकतो, चांदी तापवतो. तिची वाफ काचेवर जाऊन बसते.”

“केवढी बसते?”

“केसाच्या हजाराव्या भागाहून पातळ.”

“तुह्या चहातल्या दुधाएवढी,” नवरा सेवकराम ओसरीवरून म्हणाले.

यंत्र नागपुरात होतं. ते वापरायला करुणाचा नंबर मोठ्या मुश्किलीनं लागला होता. या खेपेला थर एकसारखा बसला नाही, तर पुढचा नंबर थेट दिवाळीनंतर. धुतलेल्या दोन काचपट्ट्या डबीत घालून ती आदल्या संध्याकाळी घरी आली. “माय, डबी उघडू नको,” तिनं बजावलं.

पण या घरात नवी वस्तू कामाला लागण्याआधी तिला हळदकुंकू लागतं. मिक्सरलाही लागलं होतं. सकाळी करुणा अंघोळीला गेली तशा मनकर्णाबाई फोडणी टाकून उठल्या आणि पट्ट्यांना बोट लावलं. मग बजावलेलं आठवलं. त्यांनी पदरानं कुंकू पुसलं, पट्ट्या चिमटीत धरून उजेडात पाहिल्या. लख्ख होत्या.

करुणा रात्री नागपूरहून परतली तेव्हा पट्ट्या आरशासारख्या चमकत होत्या, आणि दोन्हींवर रेघारेघांचा एक धूसर अंगठा होता. मनकर्णाबाईंनी आपला अंगठा शेजारी धरला.

“माहाच हाय,” त्या म्हणाल्या, आणि कुंकवापासून सगळं सांगितलं.

“आता दिवाळीनंतर,” एवढंच बोलून करुणा न जेवता झोपली.

सकाळी मनकर्णाबाई पट्टी घेऊन दारात बसल्या होत्या. करुणा जवळ आली, तरी त्यांनी मान वर केली नाही.

“बोटाले तेल होतं माह्या. तेलानं चांदीले बसूच देल्लं नाही काय?”

“बसली असन. पण वेगळी बसली.” करुणानं पट्टी हातात घेतली, तिरपी केली, पुन्हा सरळ केली. “काहून, ते मलेबी पाहा लागन.”

दिवाळीनंतर पुन्हा नंबर लागला, तेव्हा ती एक पट्टी जास्तीची घेऊन घरी आली. बाकीच्या पट्ट्यांची डबी तिनं कपाटात कुलूप लावून ठेवली.

“या एकीवर अंगठा ठेव, माय. तेल लावून.”

मनकर्णाबाई स्वयंपाकघराकडे निघाल्याच होत्या. “कोणतं आणू? जवसाचं का तिळाचं?”