पत्ता सासरचा

दुपारचे अडीच वाजलेत. तालुक्याच्या पोलीस ठाण्यामागच्या खोलीत हवालदार द्वारका मगर बूट काढते, पट्टा सैल करते आणि सतरंजीवर अंग टाकून देते. काल रात्रभर उरुसाचा बंदोबस्त होता, सकाळपासून टेबलाचं काम. डोळ्यांत वाळू खुपतेय. बाहेर वायरलेस खरखरतोय, कुणीतरी चहाचे कप गोळा करतंय. एकेक आवाज लांब जातो, सासरी निघालेली लेक वळणाआड जावी तसा.

पापणी पुरती मिटलेलीही नाही, तोच सतरंजीच्या कडेला कुणीतरी येऊन टेकतं.

"ताई, सरका थोडं."

द्वारका सरकते, आणि मग तिच्या ध्यानात येतं, ही मैना. मैना खरात. हिला जाऊन नऊ महिने झाले. मैनाचे केस ओले आहेत. पाणी थेंबथेंब पडतंय, पण सतरंजी भिजत नाही. द्वारकाला भीती वाटत नाही. वाटते ती लाज.

"जेवलीस का?" ती विचारते. आल्यागेल्याला दुसरं काय विचारायचं?

"आता कसलं जेवण," मैना हसते. "तुम्ही मात्र वाळलात."

मैनाची गोष्ट ठाण्यात सगळ्यांना ठाऊक आहे आणि पुरती कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने हात मोडला, तेव्हा ती फिर्याद द्यायला आली होती. द्वारकानेच ती लिहून घेतली. माहेरची वाट नवऱ्याच्या पायाखालची, म्हणून मैना कोळवाडीला एका मैत्रिणीच्या मळ्यात जाऊन लपली. महिन्याभराने नवऱ्याला जामीन झाला. फिर्यादीला कळवा, असा कोर्टाचा हुकूम आला. द्वारकाने नोटीस केली. वर पत्ता फिर्यादीतला, म्हणजे सासरचा. खाली, कळवळा आला म्हणून, एक ओळ तिने जास्तीची घातली : आपण सध्या कोळवाडीस मैत्रिणीकडे आहात, तरी तेथील पोलीस पाटलांच्या संपर्कात राहावे.

शिपाई कागद घेऊन सासरी गेला. नवरा आदल्या दिवशीच सुटून घरी आलेला. त्याने कागद घेतला, वाचला, पोच म्हणून सही ठोकली. दोन दिवसांनी, भर सकाळी, मळ्यातल्या हौदावर मैना केस धूत असताना त्याने तिला गाठलं.

चौकशी झाली. नोटीस बजावलेली होती, पोच फायलीत होती. कुणावर ठपका आला नाही. जास्तीची ओळ चौकशीत कुणी वाचली नाही, आणि द्वारकाने ती कुणाला सांगितली नाही.

सतरंजी आता ज्वारीच्या रानात अंथरलेली आहे. ताटांच्या मधोमध ठाण्याचं टेबल, कणसांऐवजी लाल दोऱ्यांच्या फायली लोंबताहेत. खुर्चीत मैना बसलीय, आणि फिर्यादींच्या बाकावर द्वारका, अनवाणी.

"नाव सांगा," मैना म्हणते. "राहणार कुठल्या?"

द्वारकाला गावाचं नाव आठवत नाही.

"बघा. माझंही तसंच झालं. त्यानं घरातनं हाकलली, तरी कागदावर मी त्याच्याच घरात. मेले, तर पंचनाम्यातसुद्धा त्याच्याच घरात."

"नमुना तसा असतो, मैना."

"नमुन्याला हात नसतात, ताई. तुमच्या हातात काय काय होतं, ते सांगा."

आणि द्वारका शाळेतल्या पोरीसारखी उभी राहून सांगू लागते. त्याला ठाण्यात बोलावून चांगल्या वागणुकीचं बंधपत्र घेता आलं असतं. कोळवाडीच्या वाटेला लागला म्हटल्यावर गुन्हा घडायच्या आधीच उचलता आलं असतं. जामिनाची अट मोडतोय, असं कोर्टाला कळवता आलं असतं. मळ्यावर दोन माणसं बसवता आली असती. आणि काहीच नाही, तर मैत्रिणीच्या फोनवर दोन शब्द बोलता आले असते.

"एवढं सगळं हातात," मैना शांतपणे म्हणते, "आणि तुम्ही वैऱ्याला चिठ्ठी धाडलीत."

तिचा हात टेबलावर गोल फिरू लागतो, जात्याचा खुंटा धरल्यासारखा. ती हळू आवाजात गुणगुणते :

सांगावा माझा बाई, वाट चुकून गेला
ज्याच्यापासून लपले, त्याच्याच हाती दिला

टेबलाखालून पीठ नाही, कागदाचा भुगा पडतोय. द्वारका तो ओंजळीत धरायला वाकते, तर समोर उंबरठा. वाळलेलं तोरण, ओसरीवर पाण्याची कळशी, दारावर पत्र्याची पाटी : दिगंबर ढेंबरे.

"हे तुझं घर नव्हे," द्वारका म्हणते.

"नव्हेच. हे भामाचं."

भामा ढेंबरे. तिच्या नवऱ्याने, दिगंबरने, तिला पेटवायला काडी ओढली होती. ती निसटली आणि चिंचोलीला दूरच्या आत्याकडे लपली. दिगंबर आज संध्याकाळी जामिनावर तुरुंगातून सुटतोय. तिची नोटीस आज दुपारीच द्वारकाने केली, झोपेने मान लवत असताना. नव्याने कशाला लिहा, म्हणून संगणकावरची जुनी उघडली. नाव बदललं, गाव बदललं, मैत्रिणीच्या जागी आत्या घातली; वर पत्ता पुन्हा सासरचाच.

"माझ्याच कागदावर तिचं नाव घातलंत, ताई."

मैना द्वारकाचा उजवा हात ओढून घेते. मैनाच्या अंगठ्यावर विळ्याने कापल्याची जुनी चीर आहे, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"माझी पोच राहिलीय. घ्या."

ती अंगठा तळव्यावर दाबते. तेवढ्यात दार आतून उघडतं आणि कागद घ्यायला एक पुरुषी हात बाहेर येतो.

द्वारका उठून बसते. चार वाजून दहा मिनिटं. ती तशीच अनवाणी पुढच्या खोलीत धावते. जावक ट्रे रिकामा आहे. कारकून मान वर न करता सांगतो की घुगे शिपाई तासाभरापूर्वीच नोटिसा घेऊन गेला. द्वारका फोन लावते. घंटी वाजत राहते. सहाव्या घंटीला घुगे उचलतो.

"घुगे, भामा ढेंबरेचा कागद कुठंय?"

तिच्या सासरच्या ओसरीवरच बसलोय, तो म्हणतो. सासूने पाणी दिलंय. म्हातारी म्हणतेय, सून नाही तर मी अंगठा देते, लेक आला की वाचील.

"दिलास?"

"पाणी पितोय अजून. खिशात आहे."

"पाणी पी आणि ऊठ. म्हातारीला सांग, पत्ता चुकला. कागद माझ्या हातात आणून दे, दुसऱ्या कुणाच्या नाही."

मग ती साहेबांच्या केबिनमध्ये जाते. आधी मैनाची ओळ सांगते, नऊ महिन्यांत पहिल्यांदा. मग भामाची. साहेब जीपची किल्ली टेबलावरून तिच्याकडे सरकवतात, आणि चिंचोलीला जाताना दोन माणसं बरोबर घ्यायला सांगतात. दिगंबरला तुरुंगाच्या दारातूनच इकडे आणायला ते स्वतः फोन उचलतात.

किल्ली घ्यायला द्वारका हात पुढे करते, आणि तो हात तिथेच थांबतो. तळव्यावर अंगठ्याचा जांभळा ठसा आहे. शिक्क्याची शाई लागली असेल, दिवसभर शिक्केच तर मारले. ती आपला अंगठा त्यावर ठेवून पाहते. तिच्या अंगठ्याच्या रेषा सलग आहेत. ठशाच्या मधून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक पांढरी चीर गेलीय.