हिराबाईंनी राखून ठेवलेलं उत्तर

प्राध्यापक भालचंद्र शेटे सरांच्या पंचाहत्तरीचा लेख आनंदानं लिहावा, असं फार मनात होतं. पण पुढच्या आठवड्यात सरांच्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, आणि लिहिताना मन थाऱ्यावर नाही. म्हणून सुरुवातीपासूनच सांगते.

पुण्याच्या कॉन्व्हेंटात शिकलेली मी लग्नानंतर बारामतीत आले आणि सरांच्या राज्यशास्त्र विभागात रुजू झाले. निवडणूक नुकतीच झाली होती. लोकांचं मत जाणून घ्यायला सर मला सणसर गावी घेऊन गेले. एका घराच्या ओसरीवर बसून मी पाठ केलेला प्रश्न विचारला, "विद्यमान प्रशासनाच्या कार्यपद्धतीबाबत आपण समाधानी आहात का?"

घरच्या हिराबाई पदर सावरत आत निघाल्या. सरांनी साध्या शब्दांत पुन्हा विचारलं, "वहिनी, सरकारचं काम तुम्हाला कसं वाटतं?"

"तिला काय इचारता? मी सांगतो, लिवून घ्या," त्यांचे यजमान नामदेवराव म्हणाले.

सरांनी त्यांचं सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, "हे तुमचं झालं, नामदेवराव. आता वहिनींचं." आणि गप्प बसले. मला ती शांतता सोसवेना. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी हातानंच थांबवलं.

शेवटी हिराबाई बोलल्या. "मला आजवर कुणी इचारलंच न्हाय. आज न्हाय सांगत. इचार करून उद्या सांगते."

"घ्या! आता हिच्या एका बोलण्यापायी उद्या परत यष्टीचं धक्कं खायाचं तुम्ही!" नामदेवराव म्हणाले.

"येतो की," सर म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच जाऊन त्यांचं उत्तर लिहून आणलं.

परतताना मला एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमचा प्रश्न चुकीचा नव्हता. तो फक्त सणसरपर्यंत पोचला नाही."

सरांचं सारं संशोधन त्या ओसरीवर मला दिसलं. कर्त्या पुरुषाला विचारलं की घराचं मत कळलं, असं तेव्हा बहुतेक अभ्यासक धरून चालत. एका घरात अनेक मतं नांदतात, हे सरांनी बारामती-इंदापूरच्या गावांतून दाखवलं. दर निवडणुकीनंतर ते त्याच घरांत जात राहिले. लोकांचं मत का बदललं, हे त्यांना लोकांच्याच तोंडून ऐकायचं असे.

भाकीत त्यांनी कधी केलं नाही. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस घरी आला. "सर, येणार कोण?"

"चहा येणार आहे, बसा."

"बरं, आमच्या विरोधात कोण बोललं तेवढं तरी? नावं नकोत, वस्ती सांगा."

सरांचा आवाज चढला नाही. "त्यांनी मला विश्वासानं सांगितलंय. चहा घ्या आणि या." त्यापायी पुढं महाविद्यालयात सरांना त्रास झाला. त्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

माझे यजमान अतिदक्षता विभागात होते, तेव्हा सर रोज संध्याकाळी येऊन बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसत. काळजी करू नका, असं एकदाही म्हणाले नाहीत. नुसते बसत. आता सर आत असतील आणि मी त्या बाकावर. त्यांच्यासारखं गप्प बसणं मला जमेल का, या विचारानं झोप लागत नाही.

आताही निवडणूक झाली, म्हणून गेल्या आठवड्यात सरांच्या ऐवजी मी एकटीच सणसरला गेले. नामदेवराव आता थकलेत. म्हणाले, "आदी हिला इचारा. माजं मागनं बघू."

हिराबाईंनी मात्र माझ्या मागं रस्त्याकडे पाहिलं. "सर कुठं हायत?"

मी सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. तेवढं सरांकडून शिकले आहे.

"आज न्हाय सांगत, ताई," त्या म्हणाल्या. "इचार करून ठेवलाय. पर सांगीन ती त्यास्नीच. म्हणावं, यावं लागंल."

मी हे सरांना सांगितलं, तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या ते हसले. "मग जायलाच हवं."

सर, आम्हा सर्वांच्या वतीनं एवढंच मागते, की तुम्ही बरे व्हा आणि खूप खूप वर्षं आमच्यात राहा. हिराबाईंचं या वेळचं उत्तर मला ठाऊक नाही. ते ऐकायला आपण दोघं मिळून जाऊ. यष्टीत खिडकीची जागा मी धरून ठेवते.