तीन टाळ्यांची रेकॉर्ड

रविवारी दुपारी चार वाजता जॅझकाकांच्या घराचं दार नुसतं लोटलेलं असायचं. बेल वाजवायची नाही, चपला बाहेर काढायच्या, हळूच आत शिरायचं आणि जागा मिळेल तिथे बसायचं. कुणी सवयीनं 'नमस्कार काका' म्हणालंच, तर काका डोळे न उघडता एक बोट वर करायचे. म्हणजे रेकॉर्डची ही बाजू संपेपर्यंत थांबा. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीची तक्रार घेऊन तावातावानं आले, ते बोट पाहून बसले आणि वीस मिनिटांनी टाकीचं विसरून घरी गेले.

बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत काका तिसऱ्या मजल्यावर, मी त्यांच्या बरोबर खाली. त्यांचं खरं नाव फक्त खालच्या पत्रपेटीवर होतं. आम्हा मराठी घरांचे ते जॅझकाका, समोरच्या दक्षाबेनचे 'जाझवाळा काका'. उभी नोकरी रिफायनरीत झाली. तिथे काही महिने कामाला आलेला एक परदेशी इंजिनियर परत जाताना सामानात मावेनात म्हणून डझनभर रेकॉर्ड काकांना देऊन गेला. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, ही माणसं भांडतायत. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कळलं, एकमेकांचं ऐकून घेतायत," असं ते सांगायचे. डझनाची पुढे दोन कपाटं झाली.

बाकीच्या रेकॉर्ड बडोद्याच्या जुन्या बाजारातून आल्या. तिथे काका रेकॉर्ड आधी तिरपी धरून उन्हात बघायचे आणि मग चक्क तिचा वास घ्यायचे. "ही कपड्यांच्या कपाटात होती, डांबरगोळ्यांचा वास आहे. ही मात्र स्वयंपाकघराशेजारी राहिलीय." वाजवायला काढताना ती दोन्ही तळव्यांत कडेनं धरायचे, नुकता भाजलेला पापड धरावा तशी. मी शाळेत विज्ञान शिकवते, माझ्या हातून काचेची भांडी कमी फुटलेली नाहीत. त्यामुळे रेकॉर्डला हात लावायची परवानगी मला सात वर्षांनी मिळाली.

ऐकण्याचेही नियम होते. मान डोलवायची नाही, पायानं ठेका धरायचा नाही. "ऐकायचं म्हणजे मदत करायची नाही," ते म्हणायचे. वाजवणारा मूळ चाल सोडून कुठच्या कुठे निघून गेला की मी अस्वस्थ व्हायची. काका नंतर चहा पिताना सांगायचे, "घाबरू नकोस गं. घराचा रस्ता पक्का माहीत असतो ना, तोच एवढा भटकतो." कडुनिंबाची सावली खिडकीतून फरशीवर उतरलेली, पंखा अगदी सावकाश, रस्त्यावरच्या रिक्षासुद्धा लांब कुठेतरी चाललेल्या. त्या दोन तासांत बडोदं नेमकं कोणत्या देशात आहे ते सांगता आलं नसतं. शनिवारपर्यंतची माझी सगळी चिडचिड तिथे विरघळायची, आणि हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

सुमनकाकूंच्या हातचा हिरवा चिवडा हा त्या दुपारचा दुसरा ओढा. पण तो कुरकुरीत, म्हणून बाजू चालू असताना निषिद्ध. तबकडी थांबली की काकू डबा घेऊन यायच्या, चार मिनिटं खोलीत नुसती कुरकुर चालायची, मग काका दुसरी बाजू लावायचे. काकूंचा जन्म इथलाच, मांडवीजवळचा. नवरात्रात नऊही दिवस त्या गरब्याला जायच्या, वयाची साठी उलटल्यावरसुद्धा.

अशाच एका नवरात्रातली दुपार. काकांची सगळ्यांत लाडकी रेकॉर्ड लागली होती. त्यात एक सॅक्सोफोन हळूहळू वर चढत जातो, इतका वर की आपलाच श्वास अडकावा. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "अहो, ह्याला आपला तीन टाळीचा गरबा बसतो बघा," त्या म्हणाल्या आणि आम्ही काही म्हणायच्या आत पदर खोचून मधल्या टेबलाभोवती फिरू लागल्या. एक टाळी, दुसरी, तिसऱ्या टाळीला पाऊल जोरात पडलं. ज्या कपाटावर रेकॉर्ड प्लेअर होता त्याचा एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी घातलेली. कपाट हललं आणि सुई खरर्कन घसरली.

काकू टाळीसाठी उचललेले हात तसेच ठेवून उभ्या राहिल्या. काकांनी रेकॉर्ड उचलली, खिडकीशी नेऊन तिरपी धरून बघितली. लांबलचक ओरखडा होता. मग म्हणाले, "आता ही आपली झाली. इतके दिवस त्या लोकांची होती."

त्यानंतर ती रेकॉर्ड त्या जागी उडी मारायची. सॅक्सोफोन चढत चढत जायचा, मग 'टक्', आणि थेट पियानो. आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलं की पुढे एकदा अलकापुरीतल्या एका कॅफेत तीच चाल लागली, तेव्हा मी शाळेतल्या मैत्रिणीला ठामपणे सांगितलं की इथे ह्यांनी मध्येच काहीतरी घुसडलंय. काकांना हे सांगितल्यावर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. काकू म्हणाल्या, "मग, आमची छोटी आहे, पण सुटसुटीत आहे."

काकू गेल्या त्याला आता चार वर्षं झाली. काका दर रविवारी तीच रेकॉर्ड शेवटी लावू लागले. 'टक्' झालं की पुटपुटायचे, "आली." बोलायचं नाही हा स्वतःचाच नियम ते तेवढ्या एका शब्दापुरता मोडायचे. आम्ही मान वळवून खिडकीबाहेर बघायचो.

मग काकांचे कान जाऊ लागले. आधी ट्रम्पेट गेलं, मग पियानो. "वरचे मजले रिकामे झाले, आता तळमजल्यावरचे खर्जवाले तेवढे राहिलेत," असं म्हणून ते स्पीकरच्या लाकडी खोक्यावर तळवा ठेवून बसायचे. कानातल्या यंत्रातून म्हणे डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू यायचं. पुढे कुकरच्या शिट्ट्याही ऐकू येईनात आणि करपलेल्या डाळीचा वास माझ्या घरापर्यंत आला. पुण्याला असलेल्या मुलानं, निखिलनं, त्यांना कायमचं घेऊन जायचं ठरवलं. काका एवढंच म्हणाले, "तिची उडी हाताला लागतेय तोवर इथेच राहू दे."

निखिल काकांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आला. रविवारी त्यानं स्वतः रेकॉर्ड लावली. मी होते, दक्षाबेन होत्या. काकांचा तळवा खोक्यावर. सॅक्सोफोन चढला, चढला, आणि चढतच राहिला. कॅफेत ऐकलेला तो सबंध तुकडा खोलीभर पसरला. फार सुंदर होता आणि मला तो सहन होईना.

काकांनी डोळे उघडले. "आज ती आली नाही," ते म्हणाले.

निखिलला काही कळेना. जुनी ओरखडलेली दिसली म्हणून बिचाऱ्यानं केवढ्या खटपटीनं तीच रेकॉर्ड नवी कोरी मिळवून जुन्या कव्हरात घालून ठेवली होती. ओरखडा पडला तेव्हा तो पुण्यात नोकरीला लागलेला, ओरखड्याची गोष्ट त्याला कुणी सांगितलीच नव्हती. जुनी त्यानं आदल्या दिवशी रद्दीबरोबर देऊन टाकली होती. मी सगळं सांगितलं तसा तो चप्पल न घालता रद्दीवाल्याकडे धावला. अर्ध्या तासानं रिकाम्या हातांनी परत आला. रद्दीवाल्याचा माल कालच पुढे गेला होता. "बाबा, मला माहीत नव्हतं हो," असं म्हणून तो लहान मुलासारखा रडायला लागला. रडू नकोस म्हणून दक्षाबेन त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, "रड मा, दीकरा."

काकांनी खोक्यावरचा तळवा उचलला. मग मला म्हणाले, "पुन्हा लाव. आणि ती जागा आली की बोट वर कर."

मी लावली. काका खुर्चीचा आधार घेत उठले, टेबलापाशी जाऊन उभे राहिले. ती जागा आली तसं माझं बोट वर गेलं. जन्मात कधी ठेका न धरलेल्या त्या माणसानं एक टाळी वाजवली, दुसरी वाजवली, आणि तिसऱ्या टाळीला दुखऱ्या गुडघ्यानिशी पाय फरशीवर आपटला. कपाट हललं. खरर्कन आवाज झाला.

तिसऱ्यांदा लावली तेव्हा त्यांनी खोक्यावर तळवा ठेवला. 'टक्.' काकांचा चेहरा कसा दिसला ते मला लिहिता येणार नाही.

"आली," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "जरा अलीकडे आली. वय झालं ना आता."

महिन्याभरात ते पुण्याला गेले. दोन्ही कपाटं टेम्पोतून गेली, ही एक रेकॉर्ड आणि प्लेअर तेवढा माझ्याकडे आला. तुमची आहे, तुम्हीच न्या, असं मी कागदावर लिहून दाखवलं. तर म्हणाले, "आता हातालाही नीट लागत नाही गं. तिला ऐकणारं कुणीतरी हवं." गाडी सुटेपर्यंत मी धीर धरला होता, वर येऊन खूप रडले.

आता रविवारी चार वाजता माझं दार लोटलेलं असतं. गेल्या रविवारी दक्षाबेनची नवी सून पहिल्यांदाच आली, कोपऱ्यात बसली. 'टक्' झालं तशी हळूच म्हणाली, "आंटी, रेकॉर्ड बगडी गई छे?"

मी एक बोट वर केलं. बाजू संपायला अजून वेळ होता, आणि चिवडा डब्यात होता.