भाजीचं नाव असलेल्या बँडची डीव्हीडी

माझ्या भावाला स्वरयंत्राचा कॅन्सर झालाय हे कळलं, तेव्हा डॉक्टर फिरून फिरून एकच विचारत होते. तंबाखू? गुटखा? विडी? दादा नुसती मान हलवत राहिला. शेवटी वहिनी म्हणाली, "सर, हे चहासुद्धा पीत न्हाईत." डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागले.

स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं. गळ्याच्या खालच्या खळग्यात एक छिद्र राहिलं आणि श्वास तिथूनच चालू झाला. तोंडातून हवाच येईना, त्यामुळे बोलणं गेलं, शीळ गेली, साधी कुजबूजही गेली. दादा तेव्हा चाळिशीला टेकला होता. लातूरला पाटबंधारे खात्यात क्लार्क. मुलगी नुकतीच पहिलीत गेलेली. मी त्याच शहरात शाळेत शिकवते, त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते.

घरी आल्यावर तो मुलीच्या पाटीवर लिहायचा, बटण दाबलं की पुसली जाते त्या पाटीवर. सुरुवातीला पूर्ण वाक्यं लिहायचा. मग "हो" आणि "नको" एवढंच उरलं, आणि नंतर नुसतं "नको". जेवण नको, दाढी नको, भेटायला कुणी नको. ऑफिसातले दोघे पेढे घेऊन आले, तर हा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

एका संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "ताई, हे घरात न्हाईत. मोबाइल इथंच ठिवलाय."

मी स्कूटी काढली. बसस्टँड पाहिलं, गंजगोलाईच्या बाजारात चक्कर मारली, ऑफिसच्या रस्त्यानं जाऊन आले. आमचे बाबा रेल्वेत होते, आमचं लहानपण मुदखेड जंक्शनच्या क्वार्टरमध्ये गेलं. ते आठवलं. मी स्टेशनकडे गाडी वळवली. फलाटाची फरशी जिथं संपते, तिथं कडेला तो बसला होता, पाय खाली रुळांकडे सोडून. मी शेजारी जाऊन बसले. त्याचा दंड धरून ठेवला, एवढंच. मालगाडी आली, गेली. मग तो उठला आणि स्कूटीवर मागे बसला. रस्ताभर माझ्या पाठीवर त्याच्या छातीतली घरघर लागत होती. तो तिथं का गेला होता, हे त्यानं लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून वहिनीनं दाराला आतून कुलूप लावायला सुरुवात केली. किल्ली ब्लाउजमध्ये ठेवायची.

हॉस्पिटलात बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. मी त्यांच्यासमोर रडले. त्यांनी दोन उपाय सांगितले. एक गळ्याला लावायचं यंत्र, ते घरघरल्यासारखा आवाज काढतं. ते दादानं आधीच भिरकावलं होतं. दुसरा म्हणजे मोबाइलचं एक अ‍ॅप. माणसाचं जुनं स्वच्छ रेकॉर्डिंग त्याला दिलं की ते त्याच्याच आवाजात बोलतं. माणसानं फक्त टाइप करायचं.

"पण आवाज चांगला पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "आजारपणातला नको. आणि मागं गोंगाट नको."

ऑपरेशनच्या आधी वर्षभर त्याचा आवाज बसलेलाच होता. मोबाइलात सापडले ते "पोचलो", "दूध आणलं", "मीटिंगमध्ये आहे" असले खरखरीत तुकडे. लग्नाच्या व्हिडिओत तो एक शब्द बोललेला नाही. तेव्हा मला डीव्हीडी आठवली.

पॉलिटेक्निकला नांदेडला असताना दादा आणि दोन मित्रांनी एक रॉक बँड काढला होता. नाव एका भाजीचं होतं. लोक हसायचे, मग हेही हसायचे. दादा गायचा, एकजण गिटार वाजवायचा, आणि ड्रमवर मुदखेडचाच एकजण, ज्याच्या घरी वरातीचा बँडबाजा होता. तो घरातले लाल झगझगीत कोट आणायचा आणि हे तिघं त्यावर वेल्डिंगचे काळे चष्मे लावून उभे राहायचे. प्रॅक्टिस विहाराच्या मागच्या हॉलमध्ये चालायची, म्हातारे उपासक बाहेरून ओरडेपर्यंत. गाणी कशावर, तर एसटी स्टँडवरच्या अनाउन्समेंटवर, आउटर सिग्नलला थांबलेल्या गाडीवर, डाळ मिलमध्ये शिंकणाऱ्या माणसावर. त्या शिंकेच्या गाण्यात तिघं डाळीच्या भुशानं पांढरेफटक झालेले आणि शिंका खऱ्याच होत्या.

व्हिडिओ काढले एका लग्नाच्या शूटिंगवाल्यानं. त्याला मिक्सिंग येत होतं ते लग्नाचंच. त्यामुळे दादा किंचाळत गातोय आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडताहेत. ड्रमवाल्याचं तोंड बदामाच्या आकारात फिरत फिरत येतंय. सगळी गाणी मिळून एक डीव्हीडी केली होती आणि दोन गाण्यांच्या मध्ये दादा टाय लावून बातम्या द्यायचा. "नमस्कार. काल पाऊस पडला नाही. आजही पडला नाही. आता सविस्तर बातम्या." या बातम्यांमागे ना ड्रम, ना गिटार, नुसता त्याचा भरलेला, मोकळा आवाज. मला तेवढाच हवा होता.

दादाच्या प्रती नोकरी लागल्यावर, लग्नाच्या सुमारास केव्हातरी नाहीशा झाल्या होत्या. मी विचारलं आणि पाटी पुढे केली. त्यानं पाटी पुसली आणि उलटी ठेवली. गिटारवाला परदेशात होता. त्याला मेसेज केला, तर उत्तर आलं की घर बदलताना सगळं गेलं.

मी शाळेत रजा टाकली आणि नांदेडची एसटी धरली. शूटिंगवाल्याचा आता मोठा स्टुडिओ झालाय, काचेचा. मी कोण ते सांगितलं, तसा तो माणूस उठून उभा राहिला.

"अरे बापरे, ती पोरं! लई येडी होती. कशी हायत?"

मी सांगितलं. तो खाली बसला. मग गोडाऊन उघडून त्यानं स्वतः कॅसेटींचे खोके काढले, धूळ झटकत, खोकत. त्या काळात कॅसेट महाग, म्हणून एकीवरच पुन्हा पुन्हा शूटिंग व्हायचं. त्यानं जुना कॅमेरा टीव्हीला जोडला. पहिल्या कॅसेटीत हळद, दुसरीत बारसं. तिसरीत अचानक दादा दिसला. लाल कोट, काळा चष्मा, मुदखेडचा फलाट. त्यानं माइकसारखा कंदील तोंडाशी धरला, तोंड उघडलं, आणि पुढच्या क्षणाला कुणाच्या तरी मांडवात अक्षता पडायला लागल्या. पुढं शेवटपर्यंत ते लग्नच होतं.

"माफ करा ताई," शूटिंगवाला म्हणाला. "पोट भरायचं काम होतं ते."

मी मुदखेडला गेले. ड्रमवाल्याचं घर स्टेशनमागे. त्यानं मला ओळखलं, पण दादाचं काहीच त्याला माहीत नव्हतं. दोघांचं कितीतरी वर्षांत बोलणं नव्हतं. मी सांगत गेले तसा तो ओट्यावरच बसला, डोक्याला हात लावून.

"मला कळवायचं न्हाई का, माय?"

"तो कुणालाच भेटून न्हाई राहिला."

डीव्हीडी होती, तो म्हणाला, पण पाखरं भ्यावीत म्हणून भावानं ती ज्वारीत टांगली. आम्ही शेतात गेलो. बांबूला सुतळीनं बांधलेली ती चकती वाऱ्यावर गरगरत होती. उन्हानं मागचा सगळा थर पापुद्र्यासारखा सुटलेला, आरपार दिसत होतं. मी ती हातात धरून उभी राहिले. बांधावर बसून मी हंबरडा फोडला. ड्रमवाल्याची भावजय धावत आली, तिला वाटलं काही चावलं. इतक्या लांब येऊन आता घरी जाऊन कुलूप लावलेलं दारच बघायचं, यापलीकडे मला काही दिसत नव्हतं.

तोच ड्रमवाला म्हणाला, "थांब. अक्काकडं एक असंल."

त्याची मोठी बहीण अहमदपूरला दिलेली. तिचा मुलगा लहानपणी ती डीव्हीडी लावल्याशिवाय घास घ्यायचा नाही. त्यानं लगेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"हाय की," अक्का पलीकडून म्हणाली. "पण मशीनमंदीच अडकल्याली हाय. ट्रेच भाईर येत न्हाई. म्हणून तर मशीन माळ्यावर टाकलं."

दुसऱ्या दिवशी मी अहमदपूरला उतरले. अक्कानं डीव्हीडी प्लेयर पुसून, जुन्या साडीत गुंडाळून ठेवला होता. तिनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना म्हणाली, "आमचं पोरगं त्या शिंकंच्या गाण्यावर लहानाचं मोठं झालं बाई. त्यानला सांग." लातूरपर्यंत ते मशीन मी मांडीवरून खाली ठेवलं नाही. खड्डा आला की मी ते दोन्ही हातांनी उचलून धरत होते. शेजारची बाई म्हणाली, "आत काय हाय, कोंबडी?"

लातूरला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मशीन उघडलं. डीव्हीडीवर चरे होते. सगळी गाणी चालली नाहीत. शिंकेचं गाणं अर्ध्यावर अडकलं आणि दादाचं तोंड चौकोनी ठिपक्यांत फुटलं. पण बातम्या जवळजवळ सगळ्या निघाल्या. दुकानात उभी राहून मी तो आवाज ऐकला. असा आवाज होता, हे मीही विसरले होते.

मॅडमनी ते अ‍ॅपला दिलं. काही दिवसांनी मी मोबाइल घेऊन दादाकडे गेले. काय आहे ते समजावलं. त्यानं मोबाइल हातात घेतला. मग त्यानं टाइप केलं आणि बटण दाबलं.

"वरणात मीठ कमी आहे," मोबाइल म्हणाला.

आवाज त्याचाच होता. पण अ‍ॅप शिकलं होतं ते बातम्यांवरून. त्यामुळे मीठ कमी असल्याची ती बातमी झाली, टाय लावलेली, बावीस वर्षांच्या टवाळ पोरानं दिलेली. मुलगी खळखळून हसली. वहिनीही हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. दादानं पुन्हा टाइप केलं. "इकडे ये. मी तुझा पप्पा आहे." तेही बातमीसारखंच आलं. पोर आता हसेना. ती आईला चिकटली. "हा कोण मुलगा बोलतोय? त्याला बंद कर ना."

दादानं मोबाइल बंद केला आणि उशीखाली सारला. रात्री तो जेवला नाही. माझ्या सगळ्या धावपळीचं हेच फळ, असं वाटून मी घरी येऊन नुसती बसून राहिले.

पुढच्या रविवारी ड्रमवाला आला. दादा भेटणार नाही, असं वहिनी दारातच सांगत होती, पण तो तिला बाजूला सारून सरळ आत शिरला. खोलीत जाऊन ओरडायला लागला. "एवढं झालं आन् मला कळवलं न्हाईस? मी मेलो होतो का? लग्नाला बोलावलं न्हाईस ते न्हाईस!" दादा भिंतीकडे तोंड करूनच होता. ड्रमवाल्यानं त्याची चादर ओढली. दादा ताडकन उठून बसला, गळ्यातल्या छिद्रातून सूं सूं हवा येत होती. त्यानं उशीखालून मोबाइल काढला आणि दोन्ही अंगठ्यांनी दणादणा टाइप केलं. वर्षानुवर्षांचं साचलेलं सगळं. मग बटण दाबलं.

बातम्यांच्या त्या स्वच्छ, भारदस्त आवाजात ड्रमवाल्याला अशा शिव्या ऐकू आल्या की वहिनीनं मुलीचे कान झाकले. शेवटी वाक्य होतं, "बँड तू सोडलास. मी नाही."

ड्रमवाला तोंड उघडं ठेवून ऐकत होता. मग त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो ढसाढसा रडायला लागला. "तोच हाय," तो म्हणाला. "अगदी तोच हाय गड्या. अजून शिव्या दे." दादाचे खांदे हलायला लागले. तो हसतोय की रडतोय ते कळेना, दोन्हींचा आवाज आता सारखाच, म्हणजे नव्हताच. दुपारी मी डीव्हीडीची कॉपी लावली. दोघं पलंगावर टेकून पाहत होते. गाणं अडकलं की ड्रमवाला पुढचं मांडीवर वाजवून पुरं करायचा आणि दादा ओठ हलवायचा. त्या दिवशी तो दोन भाकरी जेवला.

वहिनीनं कुलूप काढलं नाही, पण किल्ली खिळ्याला अडकवायला लागली.

ते अ‍ॅप दादा फक्त ड्रमवाल्याशी फोनवर बोलताना वापरतो. घरात नाही. घरात मुलगी त्याच्या ओठांकडे पाहते. आम्हाला कुणाला जमलं नाही ते तिला येऊ लागलंय. त्याचे ओठ हलले की ती लगेच आम्हाला सांगते, आणि चुकली की तो मान हलवतो, ती पुन्हा पाहते.

गेल्या महिन्यात नवा स्कॅन झाला. फुप्फुसात काहीतरी दिसतंय. डॉक्टर आमच्यासमोर फिल्म उजेडाला धरून पाहत होते. सुईनं तुकडा काढून तपासावं लागेल, म्हणाले, मग ठरवू. वहिनीनं माझा हात घट्ट धरला होता. दादाचे ओठ हलले. मुलगी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि डॉक्टरांना सांगितलं, "पप्पा म्हणतात, खरं सांगा."

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली.