खळीपुरता थांबा

तेरखेड्यात फटाक्याच्या नळ्या वळणाऱ्या बायका पुष्कळ, पण गात वळणारी एक दगडाबाईच. रद्दीचा कागद सळईवर गुंडाळायचा, येशूच्या गाण्याच्या चार ओळी म्हणायच्या, मग बोट खळीत बुडवून कड चिकटवायची आणि पुढचं कडवं. खळीपुरता थांबा गाण्यातच बसलेला. रविवारच्या प्रार्थनेतही ती तशीच थांबायची. पास्टर रणधीर हसायचे, "दगडाबाई, तुमच्यापायी आख्खी मंडळी खळीला थांबायला लागली."

हे गाणं तिला सोलापूरच्या दवाखान्यात मिळालं. फटाक्याच्या दारूकामात भाजलेला नवरा, बलभीम, नऊ दिवस तिथं होता. पट्ट्या सोडताना तो गुरासारखा ओरडायचा. एक सिस्टर हे गाणं म्हणायची, तेव्हा तेवढा गप पडायचा. दहाव्या दिवशी तो गेला आणि दगडाबाई येशूचं नाव घेऊन घरी आली. लोक काय, बोलायचेच. नऊ वर्षांचा मुलगा सोमेश मात्र तिच्या मांडीशी बसून गायचा. मोठा झाला तसा कडवट होत गेला. अठराव्या वर्षी म्हणाला, "तुझ्या देवानं बापाला वाचवलं न्हाय, आन् तू त्याचंच गाणं म्हणतीस?" पिशवी उचलून गेला, तो गेलाच.

त्याला अकरा वर्षं झाली. तिनं फोनचा नंबर बदलला नाही. रविवारी प्रार्थनेनंतर साक्ष द्यायची रीत, म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते उभं राहून सांगायचं. दगडाबाई उठायची, "दुखातनं बी देव वाट काढतो," एवढं म्हणून बसायची. इतक्या वाटा काढणाऱ्याला एक पोरगं घरी धाडता येईना? या विचाराची तिला लाज वाटायची, पण तो जायचा नाही. सतरंजीवर ती शेजारी एका माणसाची जागा सोडून बसायची.

परवा दुपारी फोन वाजला.

"आये, म्या सोमेश."

तिनं सळई बाजूला ठेवली. "कुठं हायस रं बाळा?"

"पुण्यात, दवाखान्यात कामाला. भाजलेल्यांच्या वॉर्डात. एक पोरगी हाय, पट्टी सोडू देईना. तुझं गाणं म्हणायलोय तर गप ऱ्हातीया. तिसरं कडवं आठवंना. म्हण की."

तिला विचारायचं होतं, जेवतोस का, राग गेला का, कधी येतोस. तिनं तिसरं कडवं म्हटलं. पलीकडून तो मागोमाग म्हणत होता, थेट बलभीमच्या घोगऱ्या आवाजात. चार ओळी झाल्या आणि तो थांबला. तिथं ना कागद होता, ना खळ. गाणं तसंच असतं, असंच त्याला लहानपणापासून वाटत आलेलं. मग दोघांनी एकदमच पुढचं कडवं उचललं.

"झाली पट्टी," तो म्हणाला आणि फोन ठेवला. कधी येणार, ते राहिलंच.

रविवारी साक्षीला दगडाबाई उठली. नेहमीची ओळ तिनं म्हटली नाही. मग मंडळीकडं न बघता, वर बघून म्हणाली, "माझं लेकरू तिथं ठिवलंस, बरं केलंस. भाजलेल्यांना त्याची गरज हाय, कळलं मला. पर देवा, मला बी हाय."